सूर्योदय सातव्या टेकडीवर

कात्रज-सिंहगड ही वाट पुण्यात कॉलेजला असताना एकदा केली नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि दुसऱ्यांदा केली असा सापडणं त्याहून कठीण. जुन्या कात्रज बोगद्यापाशी सुरू होणारी ही डोंगरधार भुलेश्वर रांगेच्या माथ्यावरून सिंहगडाच्या घाटरस्त्याला जाऊन मिळते. लोक तिला ‘तेरा टेकड्या’ म्हणतात. मोजायला बसलं तर कुणाच्या अकरा भरतात, कुणाच्या पंधरा. अंतरही कुणी तेरा किलोमीटर सांगतं, कुणी सोळा. पुन्हा का गेला नाहीत, असं विचारलं तर उत्तर मात्र ठरलेलं असतं: “वाट लागली होती हो.”

वाट लागते ती बहुतेक वेळा चालण्याने नाही, वेळापत्रकाने. रात्री नऊ-दहाला निघायचं, रात्रभर पळत सुटायचं आणि ‘गडावर सूर्योदय बघू’ असं म्हणायचं, हा रूढ बेत. आम्हीही पहिल्यांदा तेच केलं होतं. पावणेचारला घाटरस्त्याला लागलो. अंगातला घाम गार झालेला, पाणी संपलेलं, टपऱ्या बंद. एका बंद टपरीच्या भिंतीला पाठ लावून आठ जण दोन शाली पांघरून बसलो. सूर्य उगवला तेव्हा सहा जण घोरत होते आणि उरलेले दोघे पहिली जीप कधी सुटते याची चौकशी करत होते. ज्यासाठी रात्र जागवली, तो प्रसंग कुणी पाहिलाच नाही.

म्हणून मी आता ही वाट उलटी आखतो. म्हणजे दिशा तीच, कात्रजकडून सिंहगडाकडे. हिशेब मात्र सूर्याकडून मागे करत यायचा. सूर्योदय प्रवासाच्या शेवटी न ठेवता मध्यावर, धारेवरच्या कुठल्यातरी बिननावाच्या टेकडीवर ठेवायचा. अर्धी वाट अंधारात, अर्धी उजेडात. याचे फायदे पुढे येतीलच. आधी वेळेचं बघू.

पुण्यात सूर्य वर्षभरात साधारण सकाळी सहाला दोन-तीन मिनिटं कमी असल्यापासून ते सात वाजून दहा मिनिटांपर्यंत उगवतो. सर्वांत लवकर मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला, सर्वांत उशिरा जानेवारीत. इथे अनेकांची फसगत होते. २१-२२ डिसेंबरचा दिवस सर्वांत लहान, तेव्हा त्यानंतर सूर्य लवकर उगवायला लागणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात डिसेंबरच्या मध्यावर सातच्या सुमारास उगवणारा सूर्य संक्रांतीच्या सुमारास आणखी आठ-दहा मिनिटं उशीर करतो. दिवस तिळातिळाने वाढतो हे खरं, पण ती वाढ आधी संध्याकाळच्या बाजूला पडते. ऑक्टोबरच्या मध्यावर साडेसहा आणि मार्चच्या मध्यावर सहा-चाळीस धरा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुंबईची वेळ छापलेली असेल, तर पुण्यासाठी तीन-चार मिनिटं वजा करा. नागपूरची असेल तर वीस मिनिटं वाढवा. घड्याळ सगळ्या देशाचं एक असलं तरी सूर्य नागपूरकरांना आधी भेटतो.

पण छापलेली वेळ म्हणजे कार्यक्रमाची शेवटची घंटा. पूर्वेला काळोख फिकट व्हायला लागतो तो सूर्योदयाच्या सुमारे सव्वा तास आधी. टॉर्च बंद करून पायाखालचा दगड दिसू लागतो साधारण वीस-पंचवीस मिनिटं आधी. रंगांची खरी उधळण या दोन वेळांच्या मधे असते आणि सूर्याचा गोळा दिसेपर्यंत ती ओसरूनही गेलेली असते. तेव्हा सूर्योदयाच्या पाऊण तास आधी बसायच्या जागी पोचायचं, हा पहिला आकडा लिहून ठेवा.

आता मागे मोजत या. बऱ्यापैकी सवयीची, मधे थांबत चालणारी सहा-सात जणांची टोळी या धारेला सहा ते आठ तास घेते, म्हणजे टेकडीमागे अर्ध्या तासापेक्षा किंचित जास्त. अंधारात आणखी थोडा वेळ धरावा. सातव्या टेकडीपर्यंत चार तास. डिसेंबरच्या मध्यावर सूर्योदय सातला, बसायचं सव्वासहाला, तर बोगद्यापासून पाय उचलायचा सव्वादोनला. सव्वादोन म्हणजे सव्वादोन. ‘अडीचला भेटू’ असं ठरलं की कुणाचा तरी टॉर्च घरी राहतो, कुणाची रिक्षा कात्रजच्या तलावाशी अडते, आणि पहिल्या चढावरच तीन वाजतात. म्हणून जमायची वेळ पाऊण तास आधीची द्या. सूर्योदयानंतर अर्धा तास बसून निघालात की उरलेल्या पाच-सहा टेकड्यांना तीन-साडेतीन तास. अकराच्या आत डांबरी रस्ता. थंडीत हे ऊन सोसतं. मार्चमध्ये नऊनंतर ही उघडी धार तव्यासारखी तापते, तेव्हा बसायची जागा नवव्या-दहाव्या टेकडीवर सरकवा आणि त्या मानाने आधी निघा. एप्रिल-मेमध्ये जाऊ नये, असं माझं मत आहे. पावसाळ्यात धुकं, निसरडं आणि पूर्वेला नुसती राखाडी भिंत. सूर्योदयासाठी तरी तेव्हा जाण्यात अर्थ नाही.

झोपेचाही हिशेब करावा. आदल्या रात्री आठला साधं जेवून नऊला आडवं व्हायचं आणि साडेबाराला उठायचं. झोप लागली नाही तरी पडून राहा. ऑफिसातून थेट पाठपिशवी उचलून येणारा मित्र पाचव्या टेकडीनंतर बोलेनासा होतो. तो रागावलेला नसतो, झोपलेला असतो.

तिथी निवडणं हा माझा आवडता भाग. सगळं जग पौर्णिमेच्या मागे धावतं. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताला उगवतो आणि सूर्योदयाला मावळतो, त्यामुळे रात्रभर उजेड असतो हे खरंच. पण पौर्णिमेला शनिवार आला की धारेचा लक्ष्मी रोड होतो. मागून स्पीकर, पुढे रांग, आणि खडकाळ उतारावर ‘जरा साइड द्या’. आपण मध्यरात्रीनंतर निघणार असू तर पौर्णिमेची गरज नाही. आपल्याला हवा पहाटेचा चंद्र, आणि तो वद्य पक्षात मिळतो. संकष्टीला चंद्र रात्री नऊच्या आसपास उगवतो. त्याची वेळ कॅलेंडरवर छापलेलीच असते. आणि तो उजाडेपर्यंत आकाशात असतो. उपास सोडा, झोप काढा, निघा. संकष्टीची रात्र या वाटेला पौर्णिमेपेक्षा उजवी, गर्दी निम्म्याहून कमी. वद्य अष्टमी-नवमीपर्यंतही चालतं. त्या तिथींना चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास वर येतो आणि पहाटेला डोक्याच्या आसपास असतो. ज्या सिंहगडाकडे आपण चाललेलो असतो, तो तानाजी मालुसऱ्यांनी ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री घेतला. ती तिथी माघ वद्य नवमी होती. थंडी, वद्य पक्ष आणि उशिरा उगवणारा चंद्र. आजही त्या सुमारास धारेवर असलात तर रात्र तशीच मिळते.

शुद्ध पक्षातला चंद्र मात्र आपल्या उपयोगाचा नाही. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीला मावळून मोकळा होतो. अमावास्येजवळ गेलात तर तारे असे दिसतात की मान दुखते, पण मग वाट माहीत असलेला माणूस सोबत हवाच.

वाट. ती चुकणं कठीण असं लोक सांगतात, कारण धार एकच आहे. उजव्या हाताला पुण्याचे दिवे, डाव्या हाताला खाली सातारा रस्त्यावरच्या गाड्यांची माळ आणि खेड शिवापूरची वस्ती, समोर लांबवर सिंहगडाच्या मनोऱ्याचा लाल दिवा. या तीन खुणा जागच्या जागी असतील तर तुम्हीही आहात. बोगद्याजवळच्या वाघजाईच्या देवळापासून वर चढलं की पहिली टेकडी सुरू होते, आणि मग चढ, माथा, उतार, खिंड, पुन्हा चढ असा तालच लागतो.

तरी लोक चुकतात, आणि ते ढोरवाटांमुळे. गुरं माणसांपेक्षा शहाणी. ती टेकडीच्या माथ्यावर उगाच चढत नाहीत, पोटातून आडवी जातात. त्यांच्या पायांनी मळलेल्या या आडव्या वाटा टॉर्चच्या उजेडात मुख्य वाटेपेक्षा रुंद दिसतात. दमलेल्या माणसाला चढ टाळणारी वाट म्हणजे देवाची कृपाच वाटते. आम्ही एकदा अशा वाटेने अर्धा तास गेलो. वाट हळूहळू उतरत गेली, मग गवतात विरली, आणि पुढच्याने टॉर्च मारला तर समोर नुसता काळोख. खाली जागच नव्हती. परत फिरून धारेवर यायला पाऊण तास गेला, कारण उतरलेलं सगळं कुसळी गवतातून पुन्हा चढायचं होतं. तेव्हापासून आमचा नियम: पाच मिनिटांत वाट चढली नाही, किंवा डावी-उजवीकडे उतरतेय असं वाटलं, तर जिथून शंका आली तिथे परत. पुढे जाऊन बघू, हे अंधारात म्हणायचं नाही. फोनमध्ये नकाशा आणि आधी कुणीतरी चाललेल्या वाटेची नोंद उतरवून घ्या, म्हणजे नेटवर्क नसतानाही ती दिसेल. खिंडीत उतरलं की रेंज जाते. आणि दिव्यांकडे बघून ‘इथून सरळ खाली उतरू’ असा विचार मनात आला, तर तो मनातच ठेवा. दोन्ही बाजूंना गावं आहेत आणि दिवसा स्थानिक माणसाबरोबर उतरताही येतं. पण रात्री वरून दिसणारा दिवा आणि आपण यांच्यामध्ये कडा आहे की नाही, हे दिवा सांगत नाही. कुणाचा पाय मुरगळला, वाट हरवली, तर एकत्र बसायचं, गरम कपडे घालायचे, उजाडू द्यायचं.

सूर्योदय मध्यावर ठेवण्याचं दुसरं कारण इथेच आहे. या वाटेवर चढ दम काढतात, पण इजा उतारांवर होते. उतारावर मुरमाचा घसारा आहे. खडीवर गोट्या पसरल्यासारखं पाऊल सरकतं. पहिल्या चार तासांत पाय ताजे असतात, तेव्हा अंधार परवडतो. सातव्या-आठव्या टेकडीनंतर गुडघे थरथरायला लागतात, आणि नेमका तेव्हा उजेड हातात असतो. रात्रभर पळणारे लोक याच्या उलट करतात. सर्वांत दमलेले पाय ते सर्वांत काळ्या वेळेला सर्वांत वाईट उतारावर टाकतात. उतरताना पाऊल आडवं टाका, गुडघा किंचित वाकवून ठेवा, मागच्याने पुढच्यापासून सात-आठ फूट अंतर सोडा. घसरणारच असं वाटलं तर सरळ खाली बसा. पँट फाटते, पण ती शिवता येते. काठी एक तरी असावी. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात, त्यांनी ही वाट न केलेली बरी. त्यांच्यासाठी सिंहगडाची आतकरवाडीकडून चढणारी पायवाट किंवा सरळ वेताळ टेकडी आहे. नवख्यांनीही महिनाभर आधी वेताळ टेकडीवर पहाटे चार वाजता टॉर्च लावून दोन तास चालून बघावं. आपले बूट चावतात का, टॉर्चची बॅटरी किती टिकते, शेजारचा मित्र किती बोलतो, हे सगळं घराजवळच कळतं.

आणखी एक गोष्ट दिशेची. आपण पश्चिम-नैऋत्येला चालत असतो, त्यामुळे सूर्य डाव्या खांद्याच्या मागून येतो. उजाडल्यावर ऊन डोळ्यांत जात नाही, आपली सावली पुढे पडते आणि समोरचा सिंहगड उजळत जाताना दिसतो. हीच धार सिंहगडाकडून कात्रजला करणारेही आहेत. त्यांना सकाळभर डोळे मिचकावत चालावं लागतं.

बसायची टेकडी कशी निवडायची? आपण पश्चिमेला चाललोय, म्हणजे जी टेकडी नुकतीच पार केली तीच आता पूर्वेला आहे. ती आपल्या टेकडीपेक्षा उंच असेल तर सूर्य तिच्याआडून उशिरा निघेल आणि तुम्ही पाऊण तास तिच्या पाठीकडे बघत बसाल. म्हणून मागच्यापेक्षा उंच माथा मिळेपर्यंत थांबू नका. मी लेखाला सातव्या टेकडीचं नाव दिलंय, पण सहावी किंवा आठवीही चालेल. माथा हवा, आकडा नको. महिन्यानुसार सूर्याची जागाही बदलते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो बरोबर पूर्वेला, बोपदेव आणि दिवे घाटाच्या बाजूला उगवतो. डिसेंबर-जानेवारीत तो जवळजवळ पंचवीस अंश दक्षिणेला सरकलेला असतो, म्हणजे पुरंदर-वज्रगडाच्या बाजूला. धारेच्या मध्यावरून पाहिलं तर पुरंदराच्या थोडा डावीकडे, आणि सिंहगडापाशी पोचून पाहिलं तर जवळपास त्याच्याच अंगाने. फोटो काढणाऱ्यांनी आपली जागा यावरून धरावी. उंचीवर असल्यामुळे मोकळ्या क्षितिजावर सूर्य छापील वेळेच्या दोन-तीन मिनिटं आधी दिसायला हवा, पण थंडीत पूर्वेला धुराचा आणि धुळीचा पट्टा बसलेला असतो. तो ती कमाई व्याजासकट परत घेतो. सूर्य बऱ्याचदा क्षितिजावरून उगवण्याऐवजी या पट्ट्याच्या वरच्या काठातून, विटेच्या रंगाचा, बिनकिरणांचा बाहेर येतो. तो मला जास्त आवडतो, त्याच्याकडे मिनिटभर नुसत्या डोळ्यांनी बघवतं.

आणि पंधरा मिनिटं आधी एकदा मागे वळा. सगळे पूर्वेला तोंड करून बसलेले असतात, त्यामुळे पश्चिमेचा खेळ फुकट जातो. राजगड-तोरण्याच्या बाजूला क्षितिजालगत एक निळसर करडा पट्टा दिसतो आणि त्याच्यावर गुलाबी. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. पूर्व जसजशी उजळते, तसतशी ती सावली खाली बुडत जाते. ढग नसतील तर दर वेळी दिसते.

बसल्यावर थंडी वाजते, आणि तिची तयारी चालताना करायची असते. चढताना अंगात एकच पातळ कपडा ठेवा, घाम येऊ देऊ नका. माथ्यावर पोचल्या पोचल्या, थंडी वाजायच्या आधी, ओला टी-शर्ट बदलून जर्किन आणि कानटोपी घाला. चोवीस तासांतला सर्वांत गार काळ सूर्योदयाच्या आगेमागेच असतो. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्व-ईशान्येकडून येतो, म्हणजे आपण तोंड करून बसतो नेमका तिकडूनच. बसायला जुनं पोतं किंवा फोमचा तुकडा न्या. खडक रात्रभर गार झालेला असतो आणि तो गारवा थेट वर चढतो. शेकोटी पेटवायची नाही. या धारेवरचं गवत डिसेंबरपासून वाळतं आणि एका ठिणगीने अख्खा डोंगर जातो. फेब्रुवारीनंतर कित्येक उतार वणव्याने काळे झालेले दिसतात. धूर आणि सुगंधी फवारे आग्या मोहोळालाही चालत नाहीत. थर्मासमधला चहा हा शेकोटीपेक्षा सोपा उपाय.

पाणी वाटेत नाही. एकही भरवशाचं टाकं किंवा विहीर धारेवर मिळणार नाही असं समजून चला. माणशी तीन लिटर कमीत कमी, फेब्रुवारीनंतर चार. त्यातला एक लिटर सूर्योदयानंतरसाठी राखून ठेवायचा आणि त्याला आधी हात लावायचा नाही. खरी तहान उन्हात लागते. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पीत नाहीत आणि सकाळी पोटऱ्यांत गोळे येतात. दर टेकडीच्या माथ्यावर चार घोट, तहान असो नसो. ओआरएसची दोन पाकिटं जवळ असू द्या. खायला तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, गूळ-शेंगदाणे, खजूर, संत्री. वेफर्सच्या पिशव्या फुगतात, फुटतात, तहान वाढवतात आणि वाऱ्याने उडून जातात. संत्र्याची सालं ‘कुजतील’ म्हणून टाकू नका. पुढच्या शनिवारी ती तिथेच असतात. निसर्गाची हाक आली तर वाटेपासून लांब जा, पण टॉर्च आणि एक माणूस हाकेच्या अंतरावर ठेवून. कागद पिशवीत परत.

टॉर्च प्रत्येकाचा स्वतंत्र, डोक्याला बांधायचा, सोबत जादा सेल. फोनचा टॉर्च हा टॉर्च नव्हे. तो एक हात अडवतो आणि संकटात लागणारी बॅटरी खातो. चांदणं असलं तर मोकळ्या माथ्यावर टॉर्च विझवून चालून बघा. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात एकाने तोंडावर झोत मारला की पुन्हा पहिल्यापासून. बूट खोल नक्षीच्या तळव्याचे, आधी वापरलेले. पाय झाकणारी पँट आणि पूर्ण बाह्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत कमरेला लागतं आणि त्याची कुसळं मोज्यांत अशी घुसतात की मोजे टाकून द्यावे लागतात. म्हणून तेव्हा मोज्यांवर जुन्या सायकलस्वारांसारखी पट्टी बांधावी. ती दिसते विचित्र, पण उपयोगी आहे.

किती जण? पाच ते आठ. दोघा-तिघांनी रात्री जाऊ नये आणि वीस जणांना एकत्र ठेवणं कुणाला जमत नाही. वाट माहीत असलेला पुढे, संयमी माणूस शेवटी, आणि त्याच्या मागे कुणी नाही. वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा. प्रत्येक माथ्यावर डोकी मोजा. या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. घोळक्याने बोलत चालणाऱ्यांच्या वाटेला तो सहसा जात नाही. एकट्याने मागे रेंगाळू नका, दिसलाच तर पळू नका. दगडांच्या फटींत हात घालू नका आणि टेकायच्या आधी जागेवर टॉर्च मारा. घोणस-फुरसं अशाच जागी असतात. साप चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करू नका. माणसाला हलू न देता १०८ ला फोन करा आणि त्याला उचलून लवकरात लवकर दवाखान्यात न्या. डोंगरातल्या अपघातांसाठी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर काम करतं. त्याचा क्रमांक आणि ११२ निघायच्या आधी सर्वांच्या फोनमध्ये हवेत. घरी एकाला वेळापत्रक लिहून द्या: कुठून निघणार, कधी पोचणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. धारेवर सध्या रात्री जाऊ देतात का आणि गडाचा घाटरस्ता सुरू आहे का, हे वनविभागाकडे आठवडाभर आधी विचारून घ्यावं. पाऊस, दरड, दुरुस्ती यांमुळे तो रस्ता अधूनमधून बंद असतो.

एक साधी गोष्ट बेत आखताना हमखास सुटते. ही वाट एका टोकाला सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला संपते. गाडी कात्रजला लावली तर ती कात्रजलाच राहणार, तुम्ही असणार सिंहगडावर. शिवाय रात्र जागून गाडी चालवणं हे घसाऱ्यापेक्षा धोक्याचं. जाताना रिक्षा किंवा टॅक्सी करून बोगद्यापाशी उतरा, येताना सार्वजनिक गाडी.

शेवटची टेकडी उतरून डांबरी रस्त्याला लागलात की पाय आपले आपण थांबतात. तिथून गडापर्यंत चालत जायचं की जीपला हात करायचा, हे तेव्हाच्या गुडघ्यांवर सोडा. वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही मिळतं. दही आधी खा, भजी नंतर. आधी भजी खाल्लीत तर पायरीवरच डोळा लागेल. खाऊन झाल्यावर बूट काढून कुसळं वेचायला बसा, ते काम अर्ध्या तासाचं आहे. मग जीपने पायथा, पायथ्याहून स्वारगेटची बस. बसमध्ये खिडकीची जागा धरा आणि शेजारच्याला सांगून ठेवा, स्वारगेट आलं की उठव म्हणून. तोही तुमच्याबरोबर आलेला असेल, तर कंडक्टरला सांगा.